पायऱ्यांचे गुण

माझा मुलगा अमेरिकेत ओमाहाला राहतो. 2024 च्या पावसाळ्यानंतर अडीच महिने त्याच्याकडे होते. हे गाव नेब्रास्का राज्यातलं. तिथे शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल. विद्यापीठाचा सामना असला की लहान-थोर सगळे लाल कपडे घालतात. माझ्या सुनेने मलासुद्धा एक लाल स्वेटर आणून दिला!

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, आणि पायापेक्षा हातातच जास्त. पहिले दोन शनिवार मला काही कळलं नाही. तिसऱ्या शनिवारी शेजारचे आजोबा आणि त्यांचे मेहुणे सामना बघायला आले आणि सामना राहिला बाजूला, दोघांची चांगलीच जुंपली. मला वाटलं, आजच्या खेळावरून असेल. मुलगा हसून म्हणाला, "आई, हे 1984 सालचं भांडण आहे."

हकिकत अशी. 2 जानेवारी 1984. मायामी शहरात ऑरेंज बोलचा सामना. नेब्रास्काचा संघ त्या मोसमात एकही सामना न हरता आलेला, देशात पहिला. समोर मायामी विद्यापीठ, तेही स्वतःच्या मैदानावर. मायामी 31-17 ने पुढे होती, पण नेब्रास्काने पिच्छा सोडला नाही. शेवटची 48 सेकंदं उरली तेव्हा गुण झाले 31-30.

आता नियम असा की चेंडू शेवटच्या रेषेपार नेला की सहा गुण. मग एक जादा संधी. लाथ मारून चेंडू खांबांमधून पाठवला तर एक गुण, हे जवळजवळ हमखास. किंवा पुन्हा एकदा पळत नाहीतर फेकून रेषेपार न्यायचा, त्याचे दोन गुण, पण हे अवघड. तेव्हा कॉलेजच्या खेळात जादा वेळ नव्हता, तो आला 1996 च्या मोसमापासून. म्हणजे लाथ मारली असती तर 31-31 बरोबरी. आणि विजेतेपद तेव्हा मतांवर ठरायचं, त्यामुळे न हरलेल्या नेब्रास्कालाच ते मिळालं असतं असं बहुतेक सगळे मानतात. पण प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी दोन गुणांचा डाव घेतला. फेकलेला चेंडू मायामीच्या खेळाडूच्या हाताला लागून उडाला, आणि संपलं. विजेतेपद मायामीला गेलं.

मेहुणे म्हणत होते, "घरात आलेली लक्ष्मी घालवली." आजोबा म्हणत होते, "बरोबरी करून पहिलं म्हणवून घेण्यात काय अर्थ?" चाळीस वर्षं हेच चाललंय म्हणे.

मग मुलाने मायामीचाच दुसरा सामना सांगितला, ऑक्टोबर 2023 चा. जॉर्जिया टेकविरुद्ध मायामी 20-17 ने पुढे, चेंडू त्यांच्याकडेच, वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास. चेंडू घेऊन नुसतं गुडघा टेकून बसायचं, घड्याळ संपतं, सामना खिशात. प्रशिक्षकांनी तसं न करता चेंडू घेऊन पळायचा डाव खेळवला. चेंडू हातून सुटला आणि जॉर्जिया टेकने अगदी शेवटी सामना 23-20 असा जिंकला.

या सामन्यावर मात्र आजोबा आणि मेहुणे एका क्षणात एकमत! त्यात धोका पत्करून मिळवायचंच काही नव्हतं. चेंडू सुटला नसता तरी निर्णय चुकलेलाच होता, फक्त कुणाच्या लक्षात आला नसता.

मी शाळेत मराठी शिकवलं, पण गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसत. उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर त्या पायऱ्यांचे गुण देत. आणि उत्तर बरोबर पण रीतच नाही, तर कापत. त्या दिवशी मला त्यांची फार आठवण झाली.

खरं सांगायचं तर आठवण दुसरीही होती. नात्यातली मंडळी हे वाचतात, म्हणून लिहितेच. 2009 च्या जुलैत हे गेले. तेव्हापासून घरात कार्य असो की सुतक, कुणीतरी म्हणतंच, "त्या रात्री पुण्याला नेलं असतं तर..." सगळे मायेनेच म्हणतात. पण साताऱ्यातच ऑपरेशन करायच्या कागदावर सही माझी होती.

त्या रात्री माझ्यापुढे काय होतं? धो धो पाऊस, घाटाचा रस्ता, यांचा उतरत चाललेला रक्तदाब, आणि "प्रवास झेपेल असं वाटत नाही" हे डॉक्टरांचं वाक्य. मुलगा फोनवर होता. तो एवढंच म्हणाला, "आई, तू ठरव." मी ठरवलं. पहाटे सगळं संपलं. पंधरा वर्षं मी फक्त उत्तर बघत आले. रीत तपासलीच नाही.

शेजारी गेल्यावर भांडी आवरताना मुलाला म्हटलं, "मी तेव्हा लाथ मारायला हवी होती का रे?" त्याला नेमकं कळलं. बराच वेळ तो नळाखाली तीच एक बशी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, मी 'तू ठरव' म्हणालो, तेच मला आजवर खातंय."

एवढ्या वर्षांत हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

ऑस्बोर्न यांनी पुढे 1994, 1995 आणि 1997 च्या मोसमांत विजेतेपदं मिळवली. पहिलं तर त्याच मैदानावर, मायामीला हरवून. आपल्याला असे पुन्हा सामने मिळत नाहीत. पण पायऱ्यांचे गुण तरी स्वतःला द्यायला हरकत नसावी. मी मला दिले. मुलालाही दिले, तेव्हा वय ते काय होतं त्याचं!

आता पुढच्या वेळी विषय निघाला तर जरूर बोला, मला राग येणार नाही. फक्त आधी त्या रात्रीचा पाऊस आठवा, आणि मग सांगा तुम्ही काय केलं असतं.