निवास, न्याहारी आणि जात

२० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादन करून आम्ही पाच जण संध्याकाळी मंडणगडच्या दिशेने निघालो. दुसऱ्या दिवशी आंबडवे पाहायचे, बाबासाहेबांच्या मूळ गावी थोडा वेळ थांबायचे आणि मग पुण्याला परतायचे, असा बेत होता. क्रांतिदिनाला महाडात राहायला जागा मिळत नाही. म्हणून आठ दिवस आधीच समुद्राकाठच्या एका गावात 'निवास व न्याहारी' ठरवून ठेवली होती. घरमालकाच्या राहत्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या, सकाळची न्याहारी भाड्यातच. अर्धे पैसे आगाऊ पाठवले होते.

फोन आमच्यातल्या एका मित्राने केला होता. त्याचे आडनाव मराठ्यांतही असते आणि आपल्यातही. मालक फोनवर फार गोड बोलले. "या हो, आपलंच घर समजा. सकाळी गरम घावणे खायला घालतो." आम्ही खूश झालो. फोन नेमका त्याच मित्राने का केला, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. तो पुढे पडला. त्याबद्दल नंतर बोलू.

गाडी अंगणात शिरली तेव्हा मागच्या काचेवर अशोकचक्राचे स्टिकर होते, दोघांच्या गळ्यात निळे उपरणे होते आणि मांडीवर महाडच्या स्टॉलवरून घेतलेली पुस्तके होती. मालक ओटीवरून खाली आले. "महाडहून आलात वाटतं? आज तिकडे गर्दी असते ना." मग आधार कार्डे मागितली. ती मागायलाच हवीत, त्यात काही गैर नाही. पण पाचही कार्डांवरची आडनावे त्यांनी सावकाश वाचली. एकाला विचारले, "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" ज्याने फोन केला होता त्याला विचारले, "तुम्ही पण यांच्यातलेच का?"

तो म्हणाला, "हो."

त्यानंतर त्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या नाहीत. "पंख्याचं काम निघालंय" असे सांगून त्यांनी आम्हाला वाडीच्या टोकाला, नारळ-सुपारीच्या पलीकडे असलेल्या खोलीत नेले. तिथे आधी शेतीची अवजारे ठेवत असावेत. पाच जणांना एकच खोली आणि संडास बाहेर. भाडे मात्र दोन खोल्यांचेच. तासाभराने मुंबईचे एक कुटुंब आले. त्यांनी आधी काही ठरवलेलेही नव्हते, हे त्यांच्याच बोलण्यातून कळले. पुढच्या खोल्या त्यांना उघडून दिल्या. रात्री तिथला पंखा आम्हाला लांबूनही फिरताना दिसत होता.

प्यायला पाणी मागितले तर सीलबंद बाटल्या आल्या आणि त्यांचे पैसे बिलात लागले. ओटीवरच्या माठावर मुंबईच्या मुलांचा पेला पालथा घातलेला होता. दुपारी आम्ही चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर उभे होतो. ९० हून अधिक वर्षांपूर्वी ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्याच दिवसाच्या रात्री एका माठापासून आम्हाला लांब ठेवले गेले. आणि आम्ही ते बाटलीचे पाणी मुकाट प्यायलो.

सकाळी न्याहारी आली. मुंबईचे कुटुंब ओटीवरच्या टेबलावर स्टीलच्या ताटल्यांत घावणे खात होते. आमचे घावणे वाडीत आले, कागदी प्लेटमध्ये. चहा कागदी कपात. आमच्यातली एक मैत्रीण म्हणाली, "आम्ही पण ओटीवर येतो ना." मालकीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, तिथे जागा कुठाय? इथे झाडाखाली किती छान वाटतंय!" कुणी आवाज चढवला नाही. कुणी जातीचा उच्चार केला नाही. सगळे हसतमुखाने चालले होते. आम्हीही हसलो, बिल दिले आणि निघालो.

गाडी फाटकाबाहेर आल्यावर मैत्रिणीच्या लक्षात आले की चार्जर खोलीत राहिला. ती परत गेली. घरात काम करणाऱ्या मावशी खोली झाडत होत्या. त्यांनी आधी फाटकाकडे पाहिले आणि हळू आवाजात "जय भीम, बाय" म्हणाल्या. त्या त्याच गावच्या बौद्धवाडीतल्या. मैत्रिणीने विचारले, "मावशी, हे नेहमी असंच असतं?" त्या म्हणाल्या, "माझा पण कप मागल्या दारी वेगळा ठेवलाय. धा वर्सं झाली. तू काय बोलू नको हा. तुम्ही जाल निघून, मला हितंच रहायचंय."

आंबडव्यापर्यंतच्या रस्त्यात गाडीत भांडण झाले. आमच्यातला एक इंजिनिअर मित्र म्हणत होता, "पुरावा काय? पंखा खरंच बिघडला असेल, नंतर दुरुस्त झाला असेल. ताटल्या कमी असतील. आपण प्रत्येक गोष्टीत जात शोधतो असं म्हणतील लोक." बाकीचे चिडले. पण खरे सांगायचे तर आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात थोडे तरी तेच होते. हे या व्यवहाराचे खरे बळ आहे. पूर्वीचा सनातनी तोंडावर सांगायचा, 'विटाळ होतो.' आजचा यजमान कारण पुढे करतो. प्रत्येक कारण सुटे घेतले तर पटण्यासारखे असते. सगळी एकत्र ठेवली की जात दिसते. मावशींचा दहा वर्षांचा वेगळा कप ऐकल्यावर तरी आता आणखी कोणता पुरावा हवा होता?

परतल्यावर एका वकील मित्राशी बोललो. त्याने जे सांगितले ते प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावे, असे आम्हाला वाटते.

१९५५ साली अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम आला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. त्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहे आणि तिथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. आता प्रश्न येतो : राहते घर म्हणजे हॉटेल कसे? त्याचे उत्तर याच कायद्याच्या कलम २ मध्ये आहे. 'हॉटेल' या शब्दात खाणावळ, राहण्याची सोय देणारे निवासगृह, कॉफीगृह हे सगळे येते, आणि 'जागा' या शब्दात घरही येते. आणि पुराव्याचे काय? कलम १२ सांगते की, असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरेल. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्याची. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे तीही पळवाट नाही. म्हणजे आमचा इंजिनिअर मित्र गाडीत जो पुरावा आमच्याकडे मागत होता, तो कायद्याने मालकाकडे मागायचा होता!

काही मित्र म्हणतील, 'घर त्यांचे, मर्जी त्यांची. आपण आपल्या घरात कुणाला घ्यायचे ते ठरवत नाही का?' जरूर ठरवतो. त्यांनी पाटी लावली नसती, फोन नंबर दिला नसता, भाडे घेतले नसते, तर आम्ही त्यांच्या ओटीवर पाऊलही ठेवले नसते. पण ज्या दिवशी घराला दर लागतो, त्या दिवशी ते धंद्याची जागा होते. पाहुण्याचा पैसा सार्वजनिक आणि ओटी मात्र सोवळ्याची, असे दोन्ही एकाच वेळी चालत नाही. संविधानाचे कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांतला भेदभाव मना करते आणि ते केवळ सरकारला नाही, तर नागरिकांनाही बांधील आहे. संविधान सभेत चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे, जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो, असे स्पष्ट केले होते.

याची किंमत अमेरिकेशी ताडून पाहिली की कळते. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला वर्णभेद बंद केला. पण मालक स्वतः जिथे राहतो आणि पाचपेक्षा जास्त खोल्या भाड्याने देत नाही, अशा घराला त्या तरतुदीतून सूट दिली. म्हणजे नेमके असेच घर तिथे वगळले गेले. पुढे इंटरनेटवरून घरातल्या खोल्या देण्याचा धंदा वाढला. तेव्हा हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, कृष्णवर्णीयांचे वाटेल असे नाव असलेल्या पाहुण्याला एअरबीएनबीवर होकार मिळण्याची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी कमी असते. तिथे नावावरून वर्ण ओळखतात, इथे आडनावावरून जात. फरक इतकाच की, आपल्या कायद्याने घराला ती सूट दिलेली नाही. हत्यार आपल्या हातात आहे. आम्ही ते वापरले नाही.

आता स्वतःबद्दल. मालकावर चार शिव्या घालून हा लेख संपवणे सोपे होते. पण त्या दोन दिवसांत आम्ही तीन वेळा गप्प बसलो.

पहिल्यांदा गप्प बसलो ते फोन करताना. 'त्याचं आडनाव चालतं' हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच फोन त्याने केला. कुणी तसे बोलून दाखवले नाही इतकेच. बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना कुठेच जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत फक्त पारशी राहू शकतात असे कळल्यावर त्यांना पारशी नावाने राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने घरात घेतले नाही. परदेशातल्या विद्यापीठांत शिकून आलेला तो माणूस मुंबईची गाडी येईपर्यंत बागेत बसून राहिला. तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. ना संविधान होते, ना कायदा. आमच्याकडे दोन्ही आहे, त्यांनीच दिलेले. तरी आम्ही आडनावाच्या आडोशाला उभे राहिलो, तेही केवळ सवयीने.

दुसऱ्यांदा गप्प बसलो ते बिल देताना. एका खोलीत राहून दोन खोल्यांचे पैसे दिले. 'पंखा दुरुस्त झाला, मग खोली आम्हाला का नाही?' एवढा साधा, ग्राहकाचा प्रश्नसुद्धा विचारला नाही.

तिसऱ्यांदा गप्प बसलो ते घरी आल्यावर. ज्या संकेतस्थळावर त्या घराची माहिती आहे तिथे अभिप्राय लिहायला बसलो आणि लिहिले काय? 'जागा छान. सेवेत सुधारणा हवी.' सेवेत! व्यासपीठावरून तासभर मनुस्मृतीवर बोलणारे आम्ही, दोन ओळींत 'जात' हा शब्द लिहू शकलो नाही. पुढचा आपला कुणी मुलगा ते 'जागा छान' वाचून तिथे जाईल, तेव्हा त्याची कागदी प्लेट आमच्यामुळे असेल.

मग तक्रार का केली नाही, असे विचाराल. मावशींमुळे. पोलीस आले, तर चौकशीत पहिला प्रश्न येईल : 'बाहेर कुणी सांगितलं?' त्यांची रोजीरोटी त्या घरावर आहे. आमच्या स्वाभिमानाचा खर्च त्यांच्या पगारातून वसूल करण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणून गावाचे आणि घराचे नाव इथे लिहिलेले नाही. हे पळपुटेपण आहे का, यावर आमच्यात आजही एकमत नाही. पण गप्प राहणे हा यावरचा उपाय नाही, यावर मात्र आहे.

आम्ही पाच जणांनी स्वतःपुरते काही ठरवले आहे. यापुढे जागा ठरवताना पाचही जणांची पूर्ण नावे आधीच सांगायची. नाकारायचे असेल तर त्यांनी तेव्हाच नाकारावे, तेही लेखी. ठरलेली खोली बदलली तर कारण लिहून मागायचे. पावती, संदेश, फोटो जपून ठेवायचे. अभिप्रायात जे घडले तेच लिहायचे. निवास-न्याहारीची नोंदणी करताना 'कोणत्याही पाहुण्याशी वा कामगाराशी जातिभेद करणार नाही' असे हमीपत्र मालकाकडून घ्यावे आणि ते पाहुण्याला दिसेल अशा जागी लावावे, या मागणीचे निवेदन पर्यटन संचालनालयाला देण्यासाठी तयार केले आहे. त्यात 'कामगार' हा शब्द मावशींसाठी आहे. आणि कोकणातल्या बौद्धवाड्यांतल्या तरुणांना आमची विनंती आहे : समुद्र तुमचाही आहे. तुमच्या घरातली एक खोली पाहुण्यांसाठी उघडा. चळवळीतली माणसे दरवर्षी महाडला आणि आंबडव्याला येतात, ती तुमच्याकडे उतरतील. इतरही येतील. त्यांना मात्र माठातलेच पाणी द्या, स्टीलच्याच पेल्यातून.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला मंडप घालायला जागा मिळत नव्हती, तेव्हा फत्तेखान यांनी आपली खासगी जमीन दिली. मालकी त्यांचीच होती आणि मर्जीही त्यांचीच. मर्जी अशीही वापरता येते.

पुढच्या २० मार्चला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी फोन आमच्यातली ती मैत्रीण करणार आहे, जिचे आडनाव ऐकताच समोरच्याला काहीच विचारावे लागत नाही.

जय भीम! जय संविधान!