एक नळी, तीन काडतुसे

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या घरात शस्त्र म्हणावे असे जे काही असते, त्यात विळीचा मान पहिला. आमच्याकडे खंडेनवमीला पाटावर जी शस्त्रे मांडली जात त्यांत विळी, अडकित्ता, वडिलांचा पेचकस आणि एक बोथट कानस, एवढाच सरंजाम असे. अशा घरात वाढलेल्या माणसाने उतारवयात बंदुकीविषयी आवडीने लिहावे, हे माझ्या नातेवाइकांना मुळीच रुचत नाही. माझी थोरली बहीण तर सरळ सांगते, "त्याला अमेरिकेचं वारं लागलंय."

पण हे वारे अमेरिकेचे नव्हे. ते मला लागले आपल्याच मुलखात, कॉलेजच्या एन. सी. सी.मध्ये. 1948 साली ही संघटना सुरू झाली, तेव्हापासून किती मराठी मुलांनी त्या खाकी पोशाखात पहिल्यांदा बंदुकीला हात लावला असेल! मीही त्यांतलाच. बंदूक होती पॉइंट टू-टूची. हवालदारसाहेबांनी पाच काडतुसे मोजून तळहातावर ठेवली, पालथे झोपवले, आणि श्वास अर्ध्यावर थांबवून चाप हळूच, ताकातले लोणी काढावे तसा, ओढायला सांगितले. पाचांपैकी तीन गोळ्या कागदाला लागल्या. उरलेल्या दोन मातीच्या भिंतीत गेल्या. त्या तीन भोकांचा आनंद मला पदवीपेक्षा अधिक काळ पुरला.

पुढे नोकरीने ओहायोत नेऊन टाकले. तिथे शेजारी एक वृद्ध शेतकरी राहत. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे. एका शनिवारी त्यांनी मला शेताच्या मागल्या अंगाला नेले. तिथे मातीचा उंच बांध होता, बांधापुढे फळीवर टमाट्याच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. मेजावर एक जुनी मार्लिन 39-ए रायफल ठेवलेली होती आणि तिच्या शेजारी तीन काडतुसे उंचीच्या क्रमाने उभी केली होती, फोटोला उभ्या राहिलेल्या भावंडांसारखी. आजोबा म्हणाले, "हिला तिन्ही चालतात." त्या एका वाक्याने मला या शौकात ओढले.

आता ही तीन भावंडे म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल ज्याने वाजवले आहे त्याला त्यांचे मर्म समजायला वेळ लागणार नाही. टिकलीवर आघात झाला की ती फुटते. मोठ्या बंदुकीच्या काडतुसात अशी टिकली बुडाच्या मधोमध बसवलेली असते. या छोट्या काडतुसात मात्र वेगळी टिकली नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला जो बारीकसा कंगोरा असतो, त्याच्या पोकळ घडीतच ती आघाताने पेटणारी दारू भरलेली असते. बंदुकीची टाचणी त्या काठावर आपटते, ठिणगी पडते, आतली मुख्य दारू पेटते आणि गोळी सुटते. म्हणून याला इंग्रजीत रिमफायर म्हणतात. काठ एकदा चेपला की संपले. ही पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही.

या घराण्याचा मूळपुरुष फ्रेंच. फ्लोबेर नावाच्या कारागिराने 1845 साली जवळजवळ टिकलीवरच बारकी गोळी बसवून दिवाणखान्यात नेमबाजी खेळण्याची सोय केली. पुढे 1857 साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी पुंगळी थोडी लांबवून तीत दारू भरली. हे ‘शॉर्ट’. हा थोरला भाऊ. 1871 साली तीच 29 ग्रेनची गोळी अधिक लांब पुंगळीत बसवली गेली, तो मधला, ‘लाँग’. आणि 1887 साली स्टीव्हन्स कंपनीने मधल्याच्या पुंगळीत 40 ग्रेनची जड गोळी बसवली, तो धाकटा, ‘लाँग रायफल’. या धाकट्याच्या साडेचार गोळ्या तराजूत घातल्या तर बरोबर एक तोळा भरतो. सगळा मामला सोनाराच्या काट्यावर मोजण्याजोगा!

गंमत अशी की या घरात थोरला सर्वांत बुटका आणि धाकटा सर्वांत उंच. धाकट्याची उंची बरोबर एक इंच, थोरल्याची पाऊण इंचाहूनही कमी. पण अंगाचा घेर तिघांचा एकच, आणि गोळीचा व पुंगळीचा घेरही जवळपास सारखाच. म्हणूनच धाकट्यासाठी कोरलेल्या नळीत थोरलाही सुखाने मावतो. उलटे मात्र चालत नाही. थोरल्याच्या मापाच्या खोलीत धाकट्याला पाय पसरता येत नाहीत.

मधल्याचे मात्र मधल्या मुलांचे होते तेच झाले. त्याच्या अंगी थोरल्याची नाजुकताही नाही आणि धाकट्याची ताकदही नाही. धाकटा आला आणि मधल्याचाच सदरा घालून बाजार जिंकून बसला. आज ‘लाँग’ काडतूस दुकानात क्वचित दिसते. मला ते दिसले की मी एक डबी घेतो. मी स्वतः तीन भावांतला मधला आहे, यापलीकडे त्याला कारण नाही.

तीन लांबीची काडतुसे एकाच नळीतून उडवायची, एवढ्यात काय मोठेसे, असे कुणी म्हणेल. एकेक काडतूस हाताने भरले तर खरोखरच काही नाही. पण एकदा भरून ओळीने उडवायच्या बंदुकीत ही मोठी कसरत आहे. नळीखाली दुसरी एक बारीक नळी असते, तीत काडतुसे एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी उभी असतात. आजोबांच्या मार्लिनमध्ये शॉर्ट 26, लाँग 21 आणि लाँग रायफल 19 मावत. खालची तरफ पुढे ढकलून मागे घेतली की एक डबा सुटून वर उचलला जातो आणि नळीत शिरतो. आता एकच उंची ठरलेली असती तर काम सोपे होते. पण बुटके काडतूस आले की त्याच्यामागून दुसऱ्याचे नाक आत डोकावू लागते. त्याला मागे लोटून एकालाच वर न्यायचे, आणि ते काडतूस उंच असो की बुटके, त्याला तितक्याच अदबीने न्यायचे. आजोबा एक मोठा स्क्रू हाताने सोडवून ती रायफल दोन तुकड्यांत उघडत आणि हे सारे दाखवत. लग्नाच्या पंगतीत लहानथोरांना एकाच ओळीत बसवून कुणाचेही पान न चुकवणाऱ्या वाढप्याची मला आठवण होई.

ही युक्ती जुनी आहे. तरफेच्या बंदुकीत तिन्ही काडतुसे मिसळून चालवण्याचे काम मार्लिनच्या 1891 सालच्या नमुन्याने करून दाखवले. आपोआप भरणाऱ्या बंदुकांना, एक-दोन अपवाद सोडले तर, हे साधत नाही. कारण त्यांना पुढचे काडतूस भरायला आधीच्या काडतुसाचा धक्का लागतो, आणि बिचाऱ्या शॉर्टमध्ये तेवढा जोर नसतो. माणसाच्या हाताला मात्र काडतूस कुठले हे विचारावे लागत नाही. यंत्राने जिथे हात टेकले तिथे हाताचेच यंत्र चालले, हे मला फार आवडते.

ओहायोच्या डार्क परगण्यात 1860 साली जन्मलेली ॲनी ओकली याच घराण्याच्या बंदुकांनी गाजली. गरिबीमुळे लहानपणी शिकार करून घर चालवणारी ही मुलगी 1885 साली बफेलो बिलच्या खेळात दाखल झाली आणि उभ्या पत्त्याच्या कडेवर नेम धरून पत्ता कापून दाखवू लागली. तिच्या संग्रहात मार्लिनही होती. आजोबा तिच्याविषयी बोलत ते गावातल्या एखाद्या माहेरवाशिणीविषयी बोलावे तसे.

आणि आवाज! तिघांचे आवाज तीन. शॉर्टचा आवाज पाटावर पाट आपटावा तसा, आटोपशीर. लाँग त्याहून किंचित मोकळा. आणि वेगवान लाँग रायफल ध्वनीच्या वेगापलीकडे जाते, म्हणून तिच्यामागे चाबकासारखा ‘फट्’ असा निराळा कडाका उमटतो. मी डोळे मिटून ऐके आणि आजोबांनी कुठले उडवले ते सांगे. शॉर्टचा नेम थोडा कमी पक्का असतो, कारण ती नळीच्या पेचात शिरण्यापूर्वी तिला रिकाम्या जागेतून उडी मारावी लागते. पण संथ दुपारी, पंचवीस पावलांवरचा डबा टिणकन उडवायला तिच्यासारखी सोबत नाही.

इतके लिहिले, पण ज्याने मला अडवले ते लिहायचे राहिले. 2012 सालच्या डिसेंबरात कनेक्टिकट राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे गोळ्यांना बळी पडली. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. शाळेत त्यांना दिवे मालवून, बाकांखाली गप्प बसायचा सराव करून घेत. एका रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, तू शनिवारी तिथे जातोस, ते मजा म्हणूनच ना?" मी म्हणालो, "हो." ती पुढे काही बोलली नाही. कढी वाढताना हिचा हात थांबलेला मला दिसला.

आमची काडतुसे लहान, ती बंदूक निराळी, असे उत्तर जिभेवर आले होते. मी ते गिळले, कारण ते खरे नव्हते. लहान काडतुसाच्या डबीवर ते मैलाहून अधिक जाते अशी ताकीद छापलेली असते. 1968 साली रॉबर्ट केनेडी यांचा जीव घेतला तो याच पॉइंट टू-टूने. गोळीचा घेर लहान असला म्हणून तिची जबाबदारी लहान होत नाही.

मग आजोबा थकले. शेत विकून मुलाकडे राहायला निघाले आणि जाताना म्हणाले, "ही तुमच्याकडे राहू द्या. माझ्या मुलाला गोल्फ आवडतो." मला ती हवी होती, अगदी लहान मुलाला पतंग हवा असतो तशी. पण घर माझ्या एकट्याचे नव्हते. बायको म्हणाली, "अहो, तुमचा जीव गुंतलाय हे मला दिसतं. पण ती या घरात येणार असेल तर माझ्या अटींवर." अटी तीन. बंदूक लोखंडी कपाटात. काडतुसे निराळ्या खोलीत, निराळ्या कुलपात. आणि कपाटाची किल्ली तिच्या दागिन्यांच्या डब्यात. मला बंदूक हवी असेल तेव्हा मी मागायची, कुठे चाललो ते सांगायचे आणि परतल्यावर किल्ली हातात द्यायची. मी तिन्ही मान्य केल्या. पुष्कळ मित्र हसले. पण मला वाटते, ज्याला किल्ली मागण्याची लाज वाटते त्याने बंदूक बाळगू नये.

मुलगी अठराची झाली तेव्हा एकदा आपणहून म्हणाली, "मला बघायचंय." मी तिला एका रेंजवर घेऊन गेलो. बंदूक नेहमी भरलेली आहे असेच समजायचे, नळी कुणाकडे वळवायची नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचे नाही, हे आधी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. मग दहा शॉर्ट दिल्या. पहिल्या चार कुठे गेल्या कोण जाणे. पाचवीपासून कागद लागू लागला, दहावी मधल्या काळ्यात बसली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच गंभीर झाला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मजा आली, बाबा. तेच मला आवडलं नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पुढे 2024 साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझपदक मिळवले तेव्हा मी पेढे वाटले. तेही आमच्या धाकट्याच्याच काडतुसाने, आणि लक्ष्याचा मधला दहाचा गोल असतो जेमतेम एक सेंटिमीटरचा. गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून तासन् तास तेवढ्याशा ठिपक्यावर मन धरून ठेवणे, ही माझ्या दृष्टीने साधनाच आहे. मी मुलीला फोनवर तसे म्हटले. ती म्हणाली, "साधना त्याची आहे, बाबा, बंदुकीची नाही." मला वाटते, ती बरोबर बोलली. माझा आनंदही बंदुकीचा किती आणि त्या मंद शनिवारांचा किती, हे मी अलीकडे तपासून पाहतो.

शॉर्ट आता लाँग रायफलपेक्षा महाग मिळते. जिचा खप कमी तिची किंमत जास्त. शिवाय ती पुष्कळ उडवली की नळीच्या खोलीत काजळीचे एक कडे धरते आणि मग धाकट्याची पुंगळी आत अडकू लागते. म्हणून शेवटी तासभर ब्रश आणि तेल घेऊन बसावे लागते. तरी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मी थोरल्याची एक डबी आणतो, सकाळी रेंजवर जातो, दुपारी नळी पुसून परत येतो. पाडव्याला मुलीचा फोन येतो. फराळाचे विचारून झाले की ती हमखास विचारते, "किल्ली कुणाकडे आहे?"

मी म्हणतो, "आईकडे."

"बरं," ती म्हणते, आणि मग चकल्या कशा झाल्या ते विचारते.