खिडकी राहू दे

गेल्या वर्षी अब्बा वाडीत पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. नात्यातल्या एका डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही नवरा-बायकोने त्यांना किहीमहून थेट मिरजेला नेलं. आम्हा कोकणातल्यांना घाटावरचा मुलूख म्हणजे परदेशच. समुद्र नाही, ताजी मासळी नाही, ताटात भातापेक्षा भाकरी जास्त. ऑपरेशन अल्लाहच्या कृपेने नीट झालं, पण तपासणीसाठी तीन आठवडे तिथेच राहायचं होतं. दर्ग्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. एक शेगडी, दोन पातेली आणि अब्बांची खाट, एवढाच संसार.

खाली घरमालकांचं सतारीचं दुकान होतं. पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत हे काम सुरू केलं, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दिवसभर कानसीचा आवाज वर यायचा आणि मधूनच एखादी तार छेडली जायची.

अब्बांनी जन्मभर सुतारकाम केलं, पण गाणं-बजावणं त्यांना पसंत नाही. आमच्या घरी रेडिओ लागायचा तो बातम्यांपुरता. दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलीने सतार शिकायचा हट्ट धरला, तेव्हा "दादांना चालणार नाही" असं सांगून आम्ही विषय संपवला होता.

आम्ही तिथे असतानाच ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस आला. गल्लीत पाय ठेवायला जागा उरेना. औषधं आणायची तर खेळण्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांतून वाट काढायची. मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे घरमालकीण खालांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांच्याकडे पाहुण्यांची रीघ होती, तरी अब्बांसाठी मऊ खिचडीची वाटी न चुकता वर यायची.

उरुसात दर्ग्याच्या आवारात रात्री गाणं असतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. त्यांची कबर याच आवारात आहे. पंडित भीमसेन जोशींचे गुरू सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शागीर्द. खाँसाहेबांच्या आठवणीसाठी लांबलांबचे कलाकार इथे हजेरी लावतात.

पहिल्या रात्री इशाची नमाज झाली आणि तंबोऱ्याचे सूर खोलीत आले. अब्बांना त्रास नको म्हणून आम्ही खिडकी लावायला उठलो.

"राहू दे," अब्बा म्हणाले. "उकडतंय."

बाहेर गार वारा होता. आम्ही काही न बोलता पडून राहिलो. कोणी गायक एकच स्वर धरून बराच वेळ थांबला होता. अब्बा डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते.

दोन दिवसांनी वॉकर धरून ते कसेबसे खाली उतरले. दुकानात घोडीवर जवारी काढायचं काम चालू होतं. जरासं घासायचं, तार लावायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा घासायचं. अब्बा अर्धा तास बघत बसले. भोपळा आणि लाकूड जोडलेल्या जागेवरून बोट फिरवून म्हणाले, "हात साफ आहे यांचा."

आम्ही धीर करून मुलीच्या सतारीचा विषय काढला. तुम्हाला चालणार नाही म्हणून आम्हीच तिला नाही म्हटलं, हेही सांगून टाकलं.

अब्बांनी आमच्याकडे पाहिलं. "मला विचारलंत कधी? कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. पण माझं नाव घेण्याआधी मला विचारायचं होतं."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवणारे आम्ही. भीती आमची होती, मोहल्ला काय म्हणेल याची. ती आम्ही एका म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर ठेवली होती.

गाण्याबद्दल अब्बांचं मत आजही बदललेलं नाही. पण घरी परतल्यावर त्यांनी नातीला जवळ बसवून स्वतः विचारलं, "नमाज आणि अभ्यास सांभाळून जमेल का?" ती हो म्हणाली. आता अलिबागला शिकवणारं कोणी मिळतं का, ते आम्ही शोधतो आहोत. सतार मात्र मिरजेहूनच आणायची, असं अब्बांनी बजावलं आहे. लाकूड ते स्वतः पारखून घेणार आहेत.