नावेंत काय न्यावें?

प्रवासास निघतांना बरोबर काय काय घ्यावें, याची आपल्या घरांतून फार काळजी घेतली जाते. काशीस जावयाचें असो कीं तुळजापुरास, फिरकीचा तांब्या, दशम्यांचें फडकें, लोणच्याची बरणी, वडील मंडळींचीं औषधें आणि पांघरुणें हीं चार दिवस आधींपासून माजघरांत मांडून ठेवलेलीं असतात. परंतु गांवापासून दोन कोसांवर असलेल्या जलाशयावर सकाळीं घटकाभर नावेंतून फिरून यावयाचें असलें, म्हणजे मात्र तीच मंडळी फराळाचे डबे तेवढे उचलून निर्धास्तपणें निघतात. वास्तविक काशीच्या वाटेवर विसरलेली वस्तु कोणत्याहि स्टेशनावर विकत मिळते. नावेंत विसरलेली वस्तु कोठेंच मिळत नाहीं. म्हणून ह्या घटकाभराच्या प्रवासाची शिदोरी कशी असावी, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

मासे धरणाऱ्याचें सामान तो स्वतः उत्तम जाणतो. गळ, जाळें व आमिष यांविषयीं लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु त्याच्या नावेंत बसून नदी पाहावयास जाणारीं आमच्यासारखीं माणसें आतां घरोघर आहेत, आणि हें लिहिणें त्यांच्याकरितां आहे.

आमच्या नांदेडास हें नदीदर्शनाचें सुख भरपूर आहे. त्र्यंबकेश्वरीं उगम पावून १४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरी ह्या शहरास वळसा देऊन जाते. नगिनाघाट, बंदाघाट, गोवर्धनघाट हे तिचे घाट, आणि नजीकच सचखंड हुजूर साहिब, जेथें १७०८ सालीं श्रीगुरु गोविंदसिंहजींनीं आपली इहलोकींची यात्रा संपविली. शहराच्या किंचित् वरच्या अंगास विष्णुपुरीचा बंधारा आहे. डॉ. शंकरराव चव्हाण यांचें नांव असलेली ही उपसा सिंचन योजना. नदीच्या पात्रांत अडविलेलें पाणी पंपांनीं उचलून कालव्यांत सोडावें, अशी तिची रचना आहे, आणि नांदेड शहराचें पिण्याचें पाणीहि येथूनच येतें.

मार्गशीर्ष-पौषांत सूर्योदयाच्या सुमारास ह्या पाण्यावर जावें. पाण्यावरून धुकें उठत असतें. आदल्या संध्याकाळीं टाकलेलीं जाळीं भोई मंडळी सावकाश ओढून घेत असतात, आणि त्यांतून रोहू, कटला, मृगळ ह्यांच्या रुपेरी पाठी चमकूं लागतात. संस्कृत कवींनीं ज्याच्या विरहाचे इतके गोडवे गाइले तो चक्रवाक थंडींत उत्तरेकडून आमच्या जलाशयांवर उतरतो. नारिंगी-तांबूस अंगाचा हा पक्षी लोकव्यवहारांत ब्राह्मणी बदक म्हणून ओळखला जातो, हें ऐकून आमच्या वाचकांस गंमत वाटेल. काव्यांत भेटलेला पक्षी डोळ्यांनीं पाहणें हा आनंद कांहीं निराळाच! असें दृश्य पाहावयास कोणी जाऊं नये असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं.

परंतु नांदेडाहून लातुराकडे वळलें म्हणजे ह्या आनंदाची दुसरी बाजू ध्यानांत येते. लातुरास पाणी पुरविणारी मांजरा नदी बालाघाटाच्या डोंगरांत, बीड जिल्ह्यांत उगम पावते. केज तालुक्यांतील धनेगांव येथें तिला धरण बांधलें आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत हें धरण कोरडें पडलें. त्या वर्षीं १२ एप्रिल रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिच्या १० वाघिणींत सुमारें ५ लक्ष लिटर पाणी होतें. लोक तिच्या स्वागतास स्टेशनावर गेले होते. पुढें त्याच वर्षींच्या पावसाळ्याअखेर धरण भरलें, तेव्हां ज्यांनीं महिनोन्‌महिने घागरींच्या रांगा पाहिल्या होत्या, त्यांचें मन त्या पाण्याकडे धांवलें यांत नवल तें काय? मराठवाड्यांत धरण भरलें म्हणजे तें पाहावयास सहकुटुंब जाण्याचा, ओटी-नारळ वाहण्याचा प्रघातच आहे.

आमच्या मतें मराठवाड्यांतील जलविहाराचा सर्व धोका ह्या एका गोष्टींत सांठविलेला आहे. दुष्काळी मुलखास पाण्याचें अप्रूप असतें, पण पाण्याचा अभ्यास नसतो. कोंकणांतलें मूल खाडीच्या कांठीं वाढतें. भरती-ओहोटी, वारा, नावेचा तोल हें सर्व त्याला न शिकवितां येतें. आमच्याकडील मुलें फार तर विहिरींत पोहावयास शिकतात. मुलींना तीहि संधि क्वचितच. विहिरीच्या पाण्याला वारा माहीत नसतो. जलाशयाचें तसें नाहीं. मैलोन्‌मैल मोकळ्या पाण्यावरून धांवत आलेला वारा लाट वाढवीत वाढवीत आणतो, आणि आमच्याकडील होड्यांचे कांठ पाण्यापासून वीतभरच उंच असतात. शिवाय धरणाच्या पोटांत जुन्या भिंती आणि बाभळींचे खुंट असतात; पाणी उतरूं लागलें कीं ते पृष्ठभागाच्या जवळ येतात. हितोपदेशकारानें ज्यांच्यावर विश्वास ठेवूं नये अशांच्या पंक्तींत शस्त्रधारी, नखी व शृंगी यांच्याबरोबर नद्यांनाहि बसविलें आहे, तें उगीच नव्हे.

आतां सामानाकडे वळूं.

पहिली वस्तु जीवरक्षक जाकीट, ज्याला सर्वत्र लाइफ जॅकेट म्हणतात. हें नवीन खूळ आहे असें कोणी समजूं नये. भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड कमरेला लावून नदी उतरण्याची रीत आपल्याकडे शतकानुशतकें होती. 'सांगड घालणें' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतों, वस्तु मात्र विसरलों. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा किंवा झांकण बसविलेला पत्र्याचा डबा पाठीस बांधून पोहावयास शिकलेले वाचक पुष्कळ असतील. जाकीट म्हणजे तीच सांगड, फक्त अधिक सोयीची. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेंत शिकलेल्यांस हें सहज पटेल कीं, पाण्यांत मनुष्याचें बहुतेक वजन पाणीच उचलतें. डोकें वर राहण्यास बहुधा तीन ते पांच किलोंचा आधार पुरतो. तेवढा आधार जाकीट देतें. आणि पोहणें येत नसणाऱ्यास, किंबहुना पोहतां येत असूनहि मार लागून शुद्ध हरपलेल्यास, तेवढ्याच आधाराची वाण असते.

जाकीट घ्यावें तें अंगाच्या मापाचें. लहान मुलास मोठ्याचें जाकीट घातलें तर पाण्यांत मूल खालीं निसटतें आणि जाकीट वर तरंगत राहतें. घातल्यावर पट्टे आवळून, खांद्यांशीं धरून वर ओढून पाहावें. हनुवटीपर्यंत सरकलें तर तें सैल आहे. तें नावेंत बुडाशीं ठेवूं नये, उशाशीं घेऊं नये, कांठावरच अंगांत घालावें. नाव उलटते ती कांहीं क्षणांत. त्यानंतर पट्टे शोधीत बसावयास वेळ नसतो.

ह्याबाबत दोन अलीकडील उदाहरणें सांगणें आम्हांस भाग आहे. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखीं पडल्या. नावेंत क्षमतेहून अधिक माणसें होतीं व बहुतेक मुलांच्या अंगावर जाकीट नव्हतें. त्याच वर्षीं २१ मे रोजीं उजनीच्या जलाशयांत कुगांवहून कळाशीस जाणारी नाव वादळी वाऱ्यानें उलटली आणि ६ जीव गेले. त्यांत दोन चिमुकलीं मुलें होतीं. ज्यानें जन्मभर मुलांच्या सहली नेल्या आहेत, त्यास ह्या बातम्या वाचून रात्रीं झोंप येत नाहीं, एवढेंच सांगतों.

आणखी एक सांगावयाचें तें नावाड्याविषयीं. तो पोहणारा असतो, म्हणून त्यास जाकिटाची गरज नाहीं असें आपण गृहीत धरतों. आणि पुष्कळदां त्याच्यापाशीं तें नसतें, कारण तें विकत घेण्यापेक्षां त्याच्या घरीं अधिक निकडीचे खर्च असतात. व्याकरण शिकला नाहींस म्हणून नावाड्यास हिणविणाऱ्या, पण स्वतःस पोहतां न येणाऱ्या पंडिताची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तिचें तात्पर्य आम्ही असें काढतों कीं, वादळांत त्या नावाड्यावरच आपलें सर्वस्व अवलंबून असतें. तेव्हां आपल्या माणसांची जाकिटें मोजतांना एक त्याच्यासाठींहि मोजावें.

दुसरें, दोर. वीस-पंचवीस हात लांबीचा, पाण्यावर तरंगणारा दोर वेटोळें करून हाताशीं ठेवावा. कोणी पडल्यास आपण उडी घेऊं नये. बुडणारा वाचविणाऱ्यास मिठी मारतो आणि दोघेहि जातात. दोर, वल्हें किंवा बूच लावलेला रिकामा डबा फेंकावा. तसाच एक रुंद तोंडाचा डबा पाणी उपसून टाकण्यास हवा. जुन्या नावेंत थोडें पाणी झिरपतेंच. एक धारदार चाकूहि म्यान घालून न्यावा. जाळें पायांत गुंतलें किंवा वल्ह्यास जलपर्णीचा विळखा बसला, तर त्याचा उपयोग होतो.

तिसरें, हांक मारण्याचीं साधनें. पाण्यावर मनुष्याचा आवाज वाऱ्याबरोबर उडून जातो. चार-दोन रुपयांची शिट्टी मात्र दूरवर ऐकूं येते. प्रत्येक जाकिटास दोऱ्यानें एक शिट्टी बांधावी, मुलांच्या जाकिटास तर अवश्य. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवींत घालून गळ्यांत अडकवावा आणि संकटसमयींचा ११२ व रुग्णवाहिकेचा १०८ हे आंकडे घरांतील मुलांकडूनहि पाठ करून घ्यावेत. पहांटे किंवा संध्याकाळीं निघणाऱ्यांनीं विजेरी घ्यावी. आणि निघण्यापूर्वीं घरीं राहणाऱ्या एका मनुष्यास सांगून जावें, कीं आम्ही अमुक घाटावरून निघतों व अमुक वाजतां परत येऊं. ह्या शेवटच्या साधनास तर वजनहि नाहीं.

चौथें, पाणी. भोंवतीं अथांग पाणी असतां घरून पाणी न्यावें, हें मुलांना हास्यास्पद वाटतें. परंतु शहरांचें सांडपाणी पोटांत घेणारी नदी पवित्र असली तरी पिण्यास योग्य राहत नाहीं. घरचें पाणी माणशीं निदान लिटरभर असावें. चैत्र-वैशाखांत नांदेडचा पारा ४२ अंशांवर जातो आणि पाण्यावर ऊन दोन्हीं बाजूंनीं लागतें, वरून सूर्याचें व खालून परावर्तित. म्हणून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेलें पाणीहि वेगळ्या बाटलींत घ्यावें. चमचा चहाचा धरावा. खाण्यास गूळ-शेंगदाणे, चुरमुरे, भाकरी यांसारखे सुके, हातांत मावणारे पदार्थ बरे. कढीचें भांडें व थाळ्या कांठावरच बऱ्या. ज्यांस नावेंत मळमळतें त्यांनीं सुंठेचा तुकडा किंवा आलेपाकाची वडी तोंडांत धरावी.

पांचवें, वस्त्रप्रावरण. छत्री नेऊं नये. वाऱ्यांत ती शीड होते आणि उघडणाऱ्याचा तोल घेऊन जाते. डोक्यास उपरणें, टापर किंवा बंदाची टोपी बांधावी. लुगड्याचा सैल घोळ व लांब धोतर पाण्यांत पायांस विळखा घालतें. तेव्हां काष्टा घट्ट खोंचावा किंवा मुलींप्रमाणें सलवार घालावी, त्यांत कमीपणा नाहीं. प्रत्येकाचा एक कोरडा जोड व एक पंचा प्लास्टिकच्या पिशवींत बांधून न्यावा. पौषांतल्या पहांटे भिजलेलें मूल लवकर काकडतें.

सहावें, औषधांची डबी. कापूस, पट्टी, जंतुनाशक औषध, आणि वडील मंडळींच्या नित्याच्या गोळ्या. माशांच्या कांट्यांनीं बोटें कापतात. गळ अंगांत रुतल्यास ओढून काढूं नये, वरून सैल पट्टी बांधून डॉक्टरांकडे जावें व धनुर्वाताची सुई घ्यावी.

शेवटीं एक वस्तु अशी आहे, जी पिशवींत भरतां येत नाहीं. ती म्हणजे परत फिरण्याची तयारी. मराठवाड्यांत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत अवकाळी पाऊस विजांसह येतो, आणि सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तु म्हणजे नावेंत बसलेला मनुष्य. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर ती १० किलोमीटरांच्या आंत आहे. त्या क्षणीं कांठ गांठावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' नांवाचें ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना मोबाइलवर देतें. तें घरांतील तरुणांकडून घालून घ्यावें. पावसाळ्यांत बंधाऱ्याचे दरवाजे उघडलेले असतां तर पाण्याजवळहि जाऊं नये.

ही सर्व यादी एका पिशवींत मावते. ती न्यावयाची राहते ती बहुधा विस्मरणानें नव्हे, तर संकोचानें. "जाकीट आहे का?" असें नावाड्यास विचारलें तर आपण भित्रे ठरूं, असें तरुणांस वाटतें, "इतकी माणसें नकोत" म्हटलें तर पाहुणे रागावतील, असें यजमानांस वाटतें. म्हणून आमचें सांगणें मुख्यतः घरांतील वडील माणसांस आहे. पहिलें जाकीट आजोबांनीं अंगांत घालावें; मग नातवंडें हंसणार नाहींत. जाकिटें नसतील तर त्या दिवशीं कांठावर सतरंजी पसरावी, दशम्या सोडाव्या आणि चक्रवाकांकडे तेथूनच पाहावें. पाणी उद्यांहि असेल; तें पाहावयास आपणहि सर्वजण असावें, एवढीच इच्छा.