तीन विषय आणि हातात एक वर्ष

हिमायतनगरच्या स्टेशनातून गाडी दोनच दिशांना जाते. एकीकडे भोकर, मुदखेड करत नांदेड, दुसरीकडे सहस्रकुंड, किनवट ओलांडून तेलंगणातले आदिलाबाद. दहावी झाली की तालुक्यातली ज्यांना परवडते ती मुले नांदेडच्या गाडीत बसतात, काही थेट लातूर गाठतात. दोन वर्षांनी बारावीचा आणि वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’चा निकाल लागतो आणि त्यांतली बरीचशी परत येऊन तालुक्याच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी उभी राहतात. मी भूगोल शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत विषयनिवडीच्या टेबलाशी बसते. तिथे सगळ्यात जास्त कानावर पडते ते हे: “मॅडम, पुढं काय करायचं ते अजून ठरलंच नाही.” लेकरू खाली मान घालून बोलते. वडील शेजारून म्हणतात, “कशात नोकरी लागती तेवढं सांगा, तेच लिहू.”

मला इथे त्या न ठरलेल्या मुलांची बाजू घ्यायची आहे. अठराव्या वर्षी आपल्याला काय व्हायचे ते माहीत नसणे ही या गावात अगदी प्रामाणिक स्थिती आहे. आमच्या तालुक्यातल्या मुलाने जवळून पाहिलेली कामे किती? शेती, शाळेतले गुरुजी, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणि सिस्टर, तलाठी, पोलीस, बँकेतले साहेब, कृषी सेवा केंद्राचे मालक, एसटीचे वाहक. नगररचना करणारा, भूजलाचा अभ्यास करणारा, आकडेवारीवरून धोरण ठरवणारा माणूस त्याने पाहिलेलाच नसतो. जे पाहिले नाही ते हवेसे वाटणार कसे? म्हणून ठरले नाही असे सांगणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती सहावीपासून ‘डॉक्टरच’ म्हणत आलेल्या आणि डॉक्टरचा दिवस कसा जातो हे कधी न पाहिलेल्या मुलाची.

२०२४ साली देशभरात २३ लाखांहून अधिक मुलांनी ‘नीट’ दिली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे विसांतल्या सुमारे एकोणीस मुलांना दुसरा काही विचार करावाच लागणार होता, आणि तो विचार कोणत्याही शिकवणीच्या वेळापत्रकात नव्हता. परीक्षेची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूर पॅटर्नने मराठवाड्याला मोठा आत्मविश्वास दिला, हे मी मनापासून मानते. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीने आपली मुले गुणवत्ता यादीत येऊ शकतात, हे त्याने दाखवले. पण त्याच काळात घराघरांतली भविष्याची यादी आखूडत गेली आणि शेवटी डॉक्टर आणि इंजिनिअर एवढीच उरली.

लातूरच्या ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाच्या नावाने हा पॅटर्न ओळखला जातो, त्याचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि संस्कृती हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, आणि तो त्यांनी मराठीत आणला. पुढे १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते पहिले कुलगुरू झाले, नंतर राज्यसभेवरही गेले. साहित्याची पदवी घेताना यातले काय त्यांना दिसत असणार? त्यांच्या विषयाने त्यांना वाचायला, विचार मांडायला आणि माणसे समजून घ्यायला शिकवले. पुढची पदे आली ती त्या बळावर, असे मला वाटते.

आता कामाचे बोलू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची नवी रचना आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. तीत पहिल्या वर्षी तीन विषय बरोबरीने शिकायचे असतात. दुसऱ्या वर्षाला जाताना त्यांतला एक मुख्य, म्हणजे मेजर, म्हणून घ्यायचा, एक दुय्यम ठेवायचा आणि एक सोडायचा. ज्याचे काही ठरलेले नाही त्याच्यासाठी या सगळ्या बदलातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि खेद असा की तिचा उपयोग जवळजवळ कोणी करत नाही. जूनमध्ये अर्ज भरताना, अनेकदा ऑनलाइन सेंटरवाल्याच्याच सल्ल्याने, पहिला म्हणून जो विषय लिहिला तोच वर्षभरानंतर मुख्य होतो. मधले वर्ष तसेच निघून जाते.

त्या वर्षात काय करायचे? विषय आवडतो का, असे स्वतःला विचारून फारसे काही कळत नाही. गोष्टी ऐकायला सगळ्यांनाच आवडतात. त्या विषयाचे रोजचे काम आपल्याच्याने होते का, हे पाहायचे. भूगोल म्हणजे नद्या आणि पर्वतांची नावे अशी समजूत घेऊन मुले येतात. प्रत्यक्षात स्थलनिर्देशक नकाशा पुढे घेऊन समोच्च रेषांवरून उताराचा छेद काढायचा असतो, पट्टी-पेन्सिल घेऊन तासन्‌तास. पावसाच्या नोंदींची सरासरी आणि विचलन काढायचे असते. संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर उघडून गावाच्या सीमा जुळवायच्या असतात आणि त्या पहिल्यांदा कधीच जुळत नाहीत. पैनगंगेच्या काठी उन्हात उभे राहून प्रश्नावली भरून घ्यायची असते. हे करताना ज्याचे घड्याळाकडे लक्ष जात नाही, भूगोल त्याचा. अर्थशास्त्रात आलेख आणि सांख्यिकी येते. गणिताला भिऊन कला शाखेत आलेल्या मुलाने हे आधीच जाणून घ्यावे. राज्यशास्त्रात संविधानातली कलमे आणि न्यायालयांचे निकाल वाचून मुद्दा उभा करावा लागतो. मराठी घ्यायचे तर दर आठवड्याला वाचणे आणि लिहिणे दोन्ही आले. त्याला कंटाळणाऱ्याला पुढची वर्षे जड जातात.

दुसरी एक सोपी गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून त्यांच्या प्रश्नपत्रिका आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या मागून घ्यायच्या आणि तिन्ही विषयांच्या शेजारी शेजारी ठेवून एक संध्याकाळ चाळायच्या. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम ओळख करून देतो, विषयाचा खरा चेहरा तिसऱ्या वर्षात दिसतो. पहिल्या सत्रात नावडता वाटलेला विषय पुढे आपलासा वाटेल असे या वह्यांतून अनेकदा कळते, आणि उलटेही कळते.

कल-चाचण्यांबद्दल पालक विचारतात. कागदावरच्या खुणांवरून निघालेला कल एका वर्षाच्या प्रत्यक्ष कामापुढे मला फार कमी महत्त्वाचा वाटतो.

काही निवडी मात्र खरोखर वाटा बंद करतात. त्या आधी माहीत असायला हव्यात आणि त्यांची सुरुवात पदवीच्या किती तरी आधी होते. अकरावीला विज्ञानात गणित सोडले की अभियांत्रिकी गेले, एनडीएतून नौदल आणि वायुदल गेले, पुढे सांख्यिकीचा रस्ताही अरुंद झाला. जीवशास्त्र सोडले की एमबीबीएस आणि बी.एस्सी. नर्सिंग गेले. बी.बी.ए., बी.सी.ए. या पदव्यांनाही २०२४ पासून सीईटी लागते आणि तिची तारीख बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही.

विज्ञानातून कलेकडे येता येते, कलेतून विज्ञानात जाता येत नाही, हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक घरात ऐकलेले आहे. ते बरेचसे खरे आहे. पण त्याचा अर्थ ‘म्हणून सगळ्यांनी विज्ञानच घ्यावे’ असा काढला जातो आणि तिथे नुकसान होते. कारण वाटा गुणांनीही बंद होतात. बी.एड्.ला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के लागतात. कसेबसे ४७ टक्क्यांवर बी.एस्सी. झालेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला ती विज्ञानाची पदवी शाळेच्या वर्गापर्यंतही नेत नाही. तोच मुलगा इतिहासात ६५ टक्के मिळवू शकला असता, तर त्याच्यापुढे जास्त दारे उघडी राहिली असती. तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला कोणतीही पदवी चालते. राज्यसेवेला आणि यूपीएससीलाही कोणतीही पदवी चालते. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आणि तीत एका वैकल्पिक विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका आल्या. भूगोल, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी साहित्य हे सगळे त्या यादीत आहेत. पदवीला जो विषय मन लावून शिकला, तो तिथे कामाला येतो. तरी मी हेही सांगते की, केवळ स्पर्धा परीक्षेला सोपा म्हणून विषय घेऊ नये. ती परीक्षा साधली नाही तर हातात आवडीचा विषयही उरत नाही आणि नोकरीही नाही.

आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. आपल्या भागात विषय निवडताना तो शिकवणारा कोण आहे, हे पाहिलेच पाहिजे. ग्रामीण महाविद्यालयांत मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, अनेक विषय तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात. त्यांतले कित्येक अतिशय तळमळीने शिकवतात, पण पुढच्या वर्षी ते इथे असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. मुलांनी पहिल्या वर्षात बारकाईने पाहावे. कोणत्या विभागाचे दार दुपारनंतरही उघडे असते? लिहून दिलेली वही कोण तपासून परत देते? ग्रंथालयात कोणत्या विषयाची पुस्तके नवी आहेत? तुमची पहिली आवड आणि दुसरी आवड यांत थोडाच फरक असेल, तर चांगला शिक्षक असलेला विषय घ्या. हा सल्ला काही सहकाऱ्यांना पटत नाही, विषयाची निष्ठा व्यक्तीवर अवलंबून नसावी असे ते म्हणतात. मोठ्या शहरात ते खरे असेल. तिथे एक शिक्षक गेला तर दुसरा मिळतो, वाचनालये आहेत, व्याख्याने आहेत. आपल्याकडे तसे नाही.

नापास मुलाचा धीर वाढवायला आमच्याकडे विचारवंत नरहर कुरुंदकरांचे उदाहरण हमखास देतात. ते इंटरला पुन्हा पुन्हा नापास झाले, शाळेत शिकवता शिकवता बी.ए., एम.ए. झाले आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, हे खरेच आहे. पण या गोष्टीतला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. हैदराबादला शिकत असताना ते मामांकडे राहत, आणि मामा म्हणजे मराठीचे विद्वान डॉ. ना. गो. नांदापूरकर. घरात पुस्तके होती, चर्चा होती, विचारले तर उत्तर देणारे माणूस होते. परीक्षेत जे जमत नव्हते त्याच्या कितीतरी पुढचे शिक्षण त्या घरात चालू होते. आज हिमायतनगरच्या वाडी-तांड्यावरून येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलाला असा मामा कुठून मिळणार? तो महाविद्यालयानेच द्यायला हवा. म्हणून मी शिक्षकाच्या बाबतीत एवढी आग्रही आहे.

मुलींबद्दल वेगळे बोलले पाहिजे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शासनाने माफ केले आणि त्यामुळे ‘पोरीला एवढा खर्च कशाला’ हे बोलणे थोडे कमी झाले. पण नव्या रचनेत दुसरी एक वाट आहे. एक वर्ष झाले की प्रमाणपत्र, दोन झाली की पदविका, तीन झाली की पदवी, चार झाली की ऑनर्स. घरी अडचण आली तर मध्येच थांबून परत येता यावे, हा यामागचा हेतू. तो चांगला आहे. मात्र लग्न ठरले की ‘झालं एक वर्ष, मिळालं ना सर्टिफिकेट’ म्हणून तिला त्याच दारातून कायमचे बाहेर नेले जाईल, ही भीती मला सतावते. म्हणून पालकांना आणि मुलींना नियम नीट माहीत असावा. नुसते वर्ष पूर्ण करून प्रमाणपत्र मिळत नाही, त्यासाठी चार जादा श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कौशल्याचे काम करावे लागते. थांबल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पूर्ण पदवीसाठी एकूण सात वर्षांची मुदत असते. कमावलेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या खात्यात राहतात आणि सासर कुठेही असले तरी तिथल्या महाविद्यालयात वर्ग करून घेता येतात.

हे खाते डिजीलॉकरमधून उघडते आणि डिजीलॉकर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींच्या आधारला वडिलांचा, भावाचा किंवा कधीकाळी अर्ज भरून देणाऱ्या भलत्याच कुणाचा तरी क्रमांक जोडलेला असतो. उद्या ती उमरखेडला किंवा आदिलाबादला नांदायला गेली आणि पुन्हा शिकावेसे वाटले, तर तिच्या दोन वर्षांच्या मेहनतीची किल्ली दुसऱ्याच कुणाच्या खिशात असणार. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या अर्जाला मुली आल्या की मुख्य विषय कोणता हे विचारण्याआधी आम्ही आधारला कोणाचा क्रमांक आहे ते विचारतो. दुसऱ्याचा निघाला तर आधी तिला आधार केंद्रावर पाठवतो, तिचा स्वतःचा क्रमांक जोडून घ्यायला सांगतो, आणि मग तिन्ही विषयांच्या वह्या टेबलावर मांडून बसतो.