फायनल, फायनल-२, खरंच फायनल

माझा धाकटा भाऊ नोकरी सोडून घरून डिझाइनची कामं करतो. लोगो, ब्रोशर, मिठाईचे बॉक्स, असलं काहीबाही. मध्यंतरी त्याच्या लॅपटॉपवर एक फोल्डर दिसला. 'फायनल', 'फायनल-२', 'खरंच फायनल', 'काकांनी बघितलेलं फायनल'... एकाच लोगोच्या २३ फायली! पैसे? आधी ठरले तेवढेच. आई परत नोकरीचं बघ म्हणून मागे लागलेली, आणि हा गुपचूप बघायलाही लागला होता.

आमच्या आयटीत बरं असतं. क्लायंट 'जरा एवढंच करा' म्हणाला की मॅनेजर हसतमुखानं सांगतो, चेंज रिक्वेस्ट टाका. त्याचे तास आणि पैसे कळले की बऱ्याच 'अर्जंट' मागण्या तिथेच गळतात. (अनुभव आहे महाराजा!) जुन्या छापखान्यातही हेच. कंपोझिटरनं चुकीचा खिळा लावला तर दुरुस्ती फुकट. लेखकमहाशयांनी प्रुफावर आख्खा परिच्छेद बदलला तर त्याचं बिल वेगळं.

मग आम्ही बसून त्याच्या कोटेशनमध्ये चार ओळी घातल्या. बदलांच्या २ फेऱ्या किमतीत, तिसरीपासून तासावर पैसे. एका फेरीतले सगळे बदल एकाच मेलमध्ये, आणि मेल एकाच माणसाचा. (आख्ख्या खानदानाला मत असतंच, पण आपापसात भांडून घ्या!) निम्मे पैसे आधी, मूळ फाइल उरलेले मिळाल्यावर.

गाडी अडली ती 'बदल' म्हणजे काय इथे. निळ्याचा हिरवा करा, हा बदल. गणपती काढून मोर घाला, हे नवीन काम. स्पेलिंग आपलं चुकलं तर ते मोजायचंच नाही. एवढं लिहायला दीड तास गेला.

पॉल रँडला असलं काही लागलं नाही म्हणा. १९८६ साली स्टीव्ह जॉब्जनं नेक्स्टच्या लोगोचे काही पर्याय मागितले, तर पठ्ठ्यानं साफ नकार दिला. लोगो एकच, पैसे १ लाख डॉलर, वापरा नाहीतर नका वापरू! पण तो आयबीएमचा लोगो केलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस. आमचा बंधू कोथरूडात बेडरूममध्ये बसतो.

नव्या ओळी वाचून एका जुन्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं. दोन दिवस भावाचा चेहरा उतरलेला. मग एका बाईंचा फोन आला.

"दोन फेऱ्या म्हणजे दोनच ना? लेखी द्या हं, मला सासरच्यांना दाखवायचंय."