डॉलरची ओवाळणी

ओवाळणी ताटात पडली की ती आपली झाली, असा आपला साधा हिशेब. पण भाऊ अमेरिकेत, बहीण वाशिमला आणि ओवाळणी डॉलरच्या चेकची असली, म्हणजे हा हिशेब चुकतो.

आमच्या मावशींचा असा चेक घेऊन मी बँकेत गेलो. कारकुनाने तो निरखून पाहिला नि म्हणाला, "हा वसुलीला पाठवावा लागेल." म्हणजे तो कागद सातासमुद्रापलीकडे, मामांच्याच बँकेपर्यंत जाणार, तिने पैसे दिले की त्यांचे रुपये होऊन इकडे येणार. यात कित्येक आठवडे जातात आणि दोन्हीकडच्या बँका आपापला आकार कापून घेतात. रक्कम लहान असली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत. हुंडी हरवलीच तर तिची पेठ नि ती हरवली तर परपेठ लिहून देत. सारा कारभार ओळखीवर. अमेरिकेतली सही वाशिमची बँक कशी ओळखणार?

घरी येऊन मी मावशींना हे सांगितले. सहा महिने उलटल्यावर तिकडची बँक चेक नाकारू शकते, हेही सांगितले. त्यांनी तो उजेडात धरला.

"राहू दे माझ्याजवळ. दादाची सही यंदा फार कापरी झाली आहे रे. पैशांचे मरो, आधी त्याला फोन लावून दे."